उभ्या मोटरचा जोर आणि धावत्या मोटरचा जोर

गॅन्ट्री, म्हणजे कटर वाहून नेणारा आडवा पूल, रेलवर चढली, बोटाने ढकलली की गुळगुळीत सरकायला लागली, तेव्हा यंत्राचा अवघड भाग संपला असं मी धरून चालले होते. लाकूडकामासाठी घरीच बांधत असलेलं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं यंत्र, होतं ते. कापायचं क्षेत्र साधारण ९०० बाय ६०० मिलीमीटर. लांबीच्या दोन्ही कडांना एकेक बॉलस्क्रू (फिरला की नटाला पुढे-मागे सरकवणारा आटेदार दांडा), गॅन्ट्रीवर एक आणि स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, वर-खाली करायला एक. चारही १६०५ मापाचे, म्हणजे १६ मिलीमीटर जाडीचे आणि एका फेऱ्यात ५ मिलीमीटर पुढे जाणारे. आता चार मोटर्स, त्यांना करंट देणारे चार ड्राइव्हर, एक पॉवर सप्लाय आणि ड्राइव्हरना हुकूम सोडणारा कंट्रोलर जोडला की झालं. पुढचे चार महिने याच चार गोष्टींनी घेतले.

मोटर घ्यायला निघालं की पहिला आकडा दिसतो तो होल्डिंग टॉर्कचा. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. नेमा २३ हे नाव ताकदीबद्दल काहीच सांगत नाही, हे मला आधीच कळलं होतं. ते फक्त तोंडाचं माप आहे: २.३ इंच, म्हणजे सुमारे ५८ मिलीमीटरचा चौकोन. त्याच तोंडाच्या मोटरमध्ये १ न्यूटन-मीटरही मिळतो आणि ३ सुद्धा. मी ३ न्यूटन-मीटरच्या, चांगल्या लांबलचक मोटर्स घेतल्या. कागदावर हिशोब केला होता: ५ मिलीमीटर लीड (एका फेऱ्यातली पुढची सरक), बॉलस्क्रूची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर एक मोटर जवळपास ३,४०० न्यूटन ओढते. म्हणजे ३४० किलो. तीस किलोच्या गॅन्ट्रीला एवढा जोर म्हणजे चंगळच. हातात २४ व्होल्टचा सप्लाय होता, साधे ड्राइव्हर होते, तेच लावले.

हळू चालवलं तेव्हा सगळं छान होतं. फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला २,००० मिलीमीटरवर नेला आणि मोटरमधून एक किंचाळल्यासारखा आवाज आला, मग नुसती घरघर. गॅन्ट्री जागच्या जागी थरथरत उभी. सगळ्यात विचित्र वाटलं ते पडद्यावरचे आकडे बघून. ते शांतपणे पुढे सरकत होते, ३१२, ३१३, ३१४, कारण कंट्रोलरच्या लेखी गॅन्ट्री चाललीच होती. माझ्या मोटर्स स्टेपर होत्या, म्हणजे विजेच्या प्रत्येक ठोक्याला, पल्सला, ठरावीक पाऊल फिरणाऱ्या. साध्या स्टेपरला आपण कुठे आहोत हे सांगायची सोय नसते. त्याला पल्स पाठवायचे आणि तो तेवढा फिरला असेल असं मानायचं. दुसऱ्या वेळी तर डावी मोटर थांबली आणि उजवी आणखी काही फेरे फिरली. गॅन्ट्री तिरकी होऊन रेलच्या गाड्यांमध्ये अशी अडकली की नटाचे बोल्ट सोडून ती सरळ करावी लागली. तेव्हापासून दोन्ही बाजूंना वेगळे होमिंग स्विच (सुरुवातीची जागा पकडणारे) आहेत, आणि यंत्र सुरू झालं की आधी गॅन्ट्री काटकोनात येते, मग बाकीचं.

मग हळूच चालवू, घाई कुठे आहे, असं वाटणं साहजिक आहे. १,२०० वर प्लायवूड कापून बघितलं. कडा तपकिरी झाल्या, जळका वास सुटला आणि कटर हात लावता येणार नाही इतका तापला. लाकडाचं गणित धातूपेक्षा इथे वेगळं आहे. राउटरचा स्पिंडल मिनिटाला १८,००० फेऱ्यांनी फिरतो. कटरला दोन धारा असतील तर मिनिटाला ३६,००० वेळा धार लाकडाला लागते. प्रत्येक धारेने निदान ०.१ मिलीमीटरचा पापुद्रा काढायचा असेल, तर फीड ३,६०० हवा. १,२०० वर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०३ येतं. एवढ्यात धार कापत नाही, घासते, आणि घासली की लाकूड जळतं. स्पिंडलच्या फेऱ्या कमी करता येतात, पण थोड्याच. खाली नेलं की बऱ्याच स्पिंडलचा स्वतःचा दम जातो. म्हणजे लाकडाच्या यंत्राला वेग ही चैन नाही, तो कापण्याच्या क्रियेचाच भाग आहे.

माझ्या ओळखीचे एक काका आयुष्यभर मोटर रिवाइंडिंग करत आले आहेत. त्यांना मोटरचा कागद दाखवला आणि म्हटलं, "काका, तीन न्यूटन-मीटर असून दोन हजारावर कशी काय दमते ही?"

त्यांनी टॉर्कच्या आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट सरळ इंडक्टन्सवर ठेवलं. "आठ मिलीहेन्री. आणि तू चोवीस व्होल्ट देतेस? अगं, हा टॉर्क मोटर उभी असतानाचा आहे. उभा माणूस किती वजन पेलतो ते मोजून त्याला पळायला लावलंस तू."

मग त्यांनी पेन घेऊन जो हिशोब मांडला, तो मला आजवर कुठल्याही जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडला आहे. स्टेपरची एक स्टेप १.८ अंशांची, म्हणजे फेऱ्याला २०० स्टेप्स. फीड २,००० आणि लीड ५, म्हणजे मोटर मिनिटाला ४०० फेऱ्यांनी फिरते. सेकंदाला १,३३३ स्टेप्स झाल्या, एका स्टेपला ०.७५ मिलीसेकंद. आता कॉइलमध्ये करंट एका झटक्यात भरत नाही, इंडक्टन्स त्याला अडवतो. ढोबळ मानाने इंडक्टन्स गुणिले करंट भागिले व्होल्टेज एवढा वेळ लागतो. आठ मिलीहेन्री, २.५ अँपिअर, २४ व्होल्ट: ०.८३ मिलीसेकंद. करंट पूर्ण भरायच्या आत पुढची स्टेप येऊन ठेपते! शिवाय फिरणारी मोटर स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते, ते यात धरलेलंच नाही. करंट नाही तर चुंबक नाही, चुंबक नाही तर जोर नाही. माझे ते ३४० किलो मोटर उभी असेपर्यंतच खरे होते.

या क्षेत्रात एक ढोबळ नियम चालतो, ड्राइव्हर बनवणाऱ्या गेको ड्राइव्ह कंपनीच्या मारिस फ्रायमनिस यांच्या नावाने तो ओळखला जातो: मिलीहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ काढून त्याला ३२ ने गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे त्या मोटरला द्यायचं जास्तीत जास्त व्होल्टेज. त्याच्या वर गेलात तर जोर फारसा वाढत नाही, मोटर मात्र तापते. माझ्या मोटरसाठी हे उत्तर ९० व्होल्ट येतं. मी चोवीस देत होते.

मोटरवर जे ३-४ व्होल्ट लिहिलेले असतात त्यांनी बरेच जण गोंधळतात, मीही गोंधळले होते. तो आकडा म्हणजे फक्त कॉइलचा रोध गुणिले करंट. आजचे ड्राइव्हर करंट बघून व्होल्टेजचे तुकडे पाडतात, त्यामुळे ४ व्होल्टच्या मोटरला ४४ व्होल्ट देणं हे चूक नसून तीच तिची खरी पद्धत आहे.

पुढची पायरी म्हणजे यंत्राला नक्की किती जोर लागतो ते मोजणं. हे मी आधी करायला हवं होतं. बॉलस्क्रूचा नट सोडला, गॅन्ट्रीला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला आणि हळूहळू ओढलं. काटा चार किलोवर गेला तेव्हा ती हलली आणि सरकत राहिली तेव्हा तीनच्या आसपास राहिला. म्हणजे घर्षण सुमारे ४० न्यूटन. कापण्याचा जोर, कटर बोथट होणं, गाठ लागणं, सगळं धरून मी २०० न्यूटनचा आकडा ठरवला. एवढ्याला ५ मिलीमीटर लीडवर ०.१८ न्यूटन-मीटर पुरतो आणि १० मिलीमीटर लीडवर ०.३५. तीनच्या जवळपासही नाही! फक्त तो ०.३५ धावताना मिळायला हवा.

गॅन्ट्रीच्या वजनाचं उत्तर तर मला थक्क करणारं होतं. तीस किलो, म्हणजे एका बाजूच्या स्क्रूच्या वाट्याला १५ किलो. ५ मिलीमीटर लीडमधून मोटरला ते वजन किती जड वाटतं हे काढलं, तर फिरण्याचं जडत्व येतं जेमतेम ९५ ग्रॅम-सेंटीमीटर वर्ग. एक मीटर लांबीच्या १६ मिलीमीटर पोलादी स्क्रूचं स्वतःचं जडत्व ५०० च्या आसपास! आणि लांब मोटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्याहूनही जड. म्हणजे वेग घेताना मोटर जे बळ लावत होती त्यातलं बहुतेक गॅन्ट्री हलवायला नाही, तर स्क्रू आणि स्वतःलाच फिरवायला जात होतं. मोठी मोटर घेतली म्हणजे चपळाई येते असं नाही, तिचा रोटरही मोठा असतो.

म्हणून दोन बदल एकदम केले. एक्स आणि वायचे, म्हणजे आडव्या दोन्ही दिशांचे, तिन्ही स्क्रू १६१० केले, एका फेऱ्यात १० मिलीमीटर. ६,००० च्या फीडला मोटर आता १,२०० ऐवजी ६०० फेऱ्यांनीच फिरते. लांब बारीक स्क्रू जास्त फेऱ्यांवर दोरीसारखा झुलायला लागतो, तेही टळलं. आणि मोटर्स घेतल्या १.९ न्यूटन-मीटरच्या, ३ अँपिअर, इंडक्टन्स ३ मिलीहेन्री, लांबी ७६ मिलीमीटर. होल्डिंग टॉर्क आधीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. काकांच्या सूत्रात घातलं तर ४४ व्होल्टवर करंट भरायला ०.२ मिलीसेकंद लागतात आणि ६०० फेऱ्यांवर एका स्टेपला ०.५ मिलीसेकंद हाताशी असतात.

४४ व्होल्टच का, याचं कारण ड्राइव्हरमध्ये आहे. मी डीएम५४२ वर्गातले डिजिटल ड्राइव्हर घेतले. त्यांची मर्यादा ५० व्होल्ट. ४८ चा सप्लाय लावला तर वर दोनच व्होल्ट उरतात. गॅन्ट्री जोरात येऊन थांबते तेव्हा मोटर क्षणभर जनित्र होते आणि ती ऊर्जा मागे सप्लायकडे ढकलते. ते दोन व्होल्ट तिथे सहज संपतात. ट्रिमपॉट, म्हणजे सप्लायचं व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू, फिरवून सप्लाय ४४ वर आणला, मीटर लावून खात्री केली, वर एक मोठा कपॅसिटर टाकला. करंटच्या तक्त्यातही दोन रकाने असतात, पीक (क्षणिक कमाल) आणि आरएमएस (एक प्रकारची सरासरी). ४.२ पीक म्हणजे ३ आरएमएस. रकाने न बघता ४.२ च्या मोटरला हा ड्राइव्हर पुरेल असं धरणारे खूप आहेत. ते आपल्या मोटरला तिच्या हक्काच्या करंटच्या सत्तर टक्केच देतात आणि मग मोटरला नावं ठेवतात.

सप्लाय किती अँपिअरचा हवा? चार मोटर्सच्या करंटची सरळ बेरीज करायची नसते. ड्राइव्हर जास्त व्होल्ट आणि कमी अँपिअर घेऊन कॉइलला कमी व्होल्ट आणि जास्त अँपिअर देतो, त्यामुळे बेरजेच्या दोन तृतीयांश धरलं तरी भागतं. माझं साधारण ८ अँपिअर झालं, १० चा घेतला.

मायक्रोस्टेपिंगचा, म्हणजे एका स्टेपचे आणखी बारीक तुकडे पाडण्याचा, मोह मात्र आवरावा लागला. ड्राइव्हरवर १/३२, १/६४ अशी बटणं असतात आणि वाटतं, जितकं बारीक तितकं अचूक. मोटर सुरळीत चालते हे खरं, आणि सावकाश वेगावरची थरथरही जाते. १/२ वर मी पेन लावून सरळ रेघ काढली होती, ती हात कापत असल्यासारखी उमटली. १/८ वर तीच रेघ स्वच्छ. पण एका मायक्रोस्टेपमागे मिळणारा जोर झपाट्याने घटतो. १/८ ला होल्डिंग टॉर्कच्या २० टक्के, १/३२ ला फक्त ५. एवढ्याशा जोरात घर्षण सुटत नाही, मोटर चार-पाच पल्स गिळून मग एकदम सरकते. शिवाय माझा आठ बिटी कंट्रोलर सेकंदाला सुमारे ३०,००० पल्सच्या वर जात नाही. १० लीडला १/८ वर मिलीमीटरला १६० पल्स, म्हणजे ६,००० फीडला सेकंदाला १६,०००. आरामात बसलं. १/३२ वर हेच ६४,००० झालं असतं.

एन्कोडरवाल्या, म्हणजे मोटर खरंच किती फिरली ते सांगणारा सेन्सर असलेल्या, क्लोज्ड लूप स्टेपरचा विचार बरेच दिवस केला. मोटर मागे पडली की तो ड्राइव्हर अलार्म देऊन यंत्र थांबवतो, पडद्यावरचे खोटे आकडे पुढे जात नाहीत. हा मोठाच गुण आहे, आणि दोन मोटर्सच्या गॅन्ट्रीला तर जास्तच. तरी मी साधे ठेवले. रिकामी गॅन्ट्री फीड वाढवत नेली तेव्हा ती १०,००० ला अडखळली. मी कमाल ६,००० लावली आहे आणि कापते त्याहून हळू. एवढं अंतर ठेवलं तर स्टेप सुटत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

जुन्या ३ न्यूटन-मीटरच्या मोटर्सपैकी एक झेडला, म्हणजे स्पिंडल वर-खाली करणाऱ्या स्क्रूला, लावली, ५ लीडचा स्क्रू तसाच ठेवून. तिथे वेग लागतोच किती? १,२०० च्या फीडला २४० फेऱ्या. ४४ व्होल्टवर ती मोटर हे काम इतकं निवांत करते की बदलायचा विचारही येत नाही. झेडला वेगळीच गोष्ट निघाली. वीज बंद केली की आठ किलोचा स्पिंडल स्वतःच हळूहळू खाली यायचा, कारण बॉलस्क्रू उलटाही फिरतो. एकदा कटर असाच लाकडावर येऊन टेकला. वर उघडणाऱ्या कपाटाच्या झडपेला लावतात तसा गॅस स्प्रिंग लावला, वजन तोलून धरलं गेलं.

जोडणीबद्दल फार लांबण लावत नाही. ड्राइव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, एका ठिणगीत ड्राइव्हर जातो. स्पिंडलच्या व्हीएफडीची (त्याचा वेग ठरवणाऱ्या खोक्याची) केबल शील्डची घ्या आणि सिग्नलच्या वायरपासून लांब न्या. लिमिट स्विच (टोकाला पोचल्यावर यंत्र थांबवणारे) नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं राहील असे, लावा, म्हणजे वायर तुटली तरी यंत्र थांबतं.

सगळं असं जुळल्यावर एका दोन तासांच्या नक्षीकामात कटरच्या दुसऱ्या फेरीचा काप पहिल्यापेक्षा दोन मिलीमीटरहून जास्त सरकून बसला. लाकूड चांगलं होतं, जीव हळहळला. पहिला संशय अर्थातच स्टेप सुटल्याचा. फीड निम्मा केला, ॲक्सिलरेशन निम्मं केलं, तीच नक्षी टाकाऊ तुकड्यावर चालवली. सरक तेवढीच! जोर कमी पडत असता तर हळू चालवल्यावर फरक पडायला हवा होता. म्हणजे मोटर निर्दोष होती.

गॅन्ट्रीला डायल इंडिकेटर, म्हणजे बारीकशी सरक काट्यावर दाखवणारं माप, टेकवला, काटा शून्यावर आणला आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: दहा मिलीमीटर मागे, दहा पुढे, शंभर वेळा. शंभराव्या खेपेनंतर काटा १.२५ वर. पुन्हा शंभर, २.५०. इतकी नेमकी चूक यांत्रिक असूच शकत नाही. एका खेपेला ०.०१२५ मिलीमीटर. मिलीमीटरला १६० पल्स, म्हणजे एक पल्स ०.००६२५. बरोब्बर दोन पल्स! दर खेपेला एक स्टेप जायला हवी त्याच्या उलट दिशेला जात होती: एक चुकीची गेली आणि एक बरोबर गेली नाही, म्हणून दोन.

ड्राइव्हरच्या कागदात उत्तर लिहिलेलं होतं. दिशेचा सिग्नल पल्सच्या निदान ५ मायक्रोसेकंद आधी यायला हवा. माझा कंट्रोलर दिशा बदलून लगेच पल्स सोडत होता. ड्राइव्हरच्या तोंडाशी असलेला ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल आत पोचवणारा भाग) चालू पटकन होतो, बंद व्हायला त्याला जास्त वेळ लागतो. त्यामुळे एका बाजूला वळताना दिशा वेळेत पोचायची, दुसऱ्या बाजूला वळताना पहिली स्टेप जुन्याच दिशेला निघून जायची. दोन्हीकडे सारखाच उशीर झाला असता तर चूक चुकीला कापून गेली असती आणि मला कधी कळलंही नसतं. फर्मवेअरच्या, म्हणजे कंट्रोलरमधल्या प्रोग्रॅमच्या, कॉन्फिग फाइलमध्ये हा विलंब ठेवायची ओळ होती, बंद ठेवलेली. ती उघडली, १० मायक्रोसेकंद लिहिले, फर्मवेअर पुन्हा चढवलं.

प्रोग्रॅम तोच लावला, या वेळी पाचशे खेपा. इंडिकेटरसमोर स्टूल घेऊन बसले. काटा मागे जायचा, परत यायचा, मागे जायचा, परत यायचा. पाचशेवी खेप संपली तेव्हा तो शून्याच्या रेघेवर होता, रेघेची जाडीसुद्धा न ओलांडता. संध्याकाळी त्याच नक्षीचा नवा तुकडा शिकंज्यात धरला आणि ३,६०० ला सोडला. कटरखालून पिठासारखी धूळ नाही, बोटांत धरता येतील अशा चिपा उडत होत्या, आणि कटर थांबल्यावर त्याला हात लावला तर तो कोमट होता.